भाद्रपदेच्या चौकोनाखाली सव्वातीनशे कोटी वर्षं

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात रात्री लाईट गेली की माणसं वैतागतात. आज तुम्ही वैतागू नका, माळवदावर चढा. नोव्हेंबरचा पहिला आठवडा आहे, चंद्र नाही, साडेनऊ वाजलेत. सोयाबीन निघून गेलंय, तूर फुलात आहे, रब्बीची ज्वारी नुकती वर आलीय. खालच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर जातो; मागच्या ट्रॉलीत पत्रे, भांडी, गोधड्या, दोन शेळ्या आणि त्यांच्यात दाटीवाटीनं बसलेली माणसं. ऊसतोडीची टोळी निघाली कारखान्याला. मुकादमाची उचल कधीच घेऊन झालीय, आता ती फेडायची. ट्रॅक्टरचा दिवा वळणाआड गेला की अंधार पुन्हा पुरा होतो.

आता पाठ टेकून वर बघा. बरोबर माथ्यावर चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन आहे. आत जवळपास काही नाही, म्हणून तो चटकन सापडतो. पंचांगातली पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा ही दोन नक्षत्रं म्हणजेच हे चार तारे. चौकोनाच्या दक्षिणेकडच्या बाजूचा मध्य धरा. त्या बाजूची जेवढी लांबी, तेवढंच अंतर सरळ दक्षिणेला उतरा. मीन राशीतली ही जागा रिकामी आहे. निदान डोळ्याला तरी. जायचंय ते तिथंच.

प्रवासाचा नियम एकच. आकाशात ज्यावर नजर ठेवाल, त्याचा आज पोचलेला प्रकाश ज्या क्षणी तिथून निघाला, त्या क्षणी तुम्ही इथं, याच जागेवर उभे असाल. जागा बदलणार नाही. वर्ष बदलेल.

सुरुवात जवळून करा. चौकोनाचा ईशान्येकडचा कोपरा, उत्तरा भाद्रपदेचा तेजस्वी तारा, 97 प्रकाशवर्षांवर आहे. नजर टेकवलीत आणि पायाखालचं माळवद गेलं. तुम्ही आता निजामाच्या रयतेत आहात. हैदराबादच्या गादीवर मीर उस्मान अली खान. व्यवहार हाली रुपयात चालतो, पलीकडच्या इंग्रजी मुलखातला कलदार वेगळा. अंबाजोगाईला सरकारी कागदात मोमिनाबाद म्हणतात. धनेगावला मांजरेवर धरण नाही. ती नदी पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात वाळू दाखवते. मराठवाडा भारतात यायला, 17 सप्टेंबर 1948 उजाडायला अजून बरीच वर्षं आहेत. वर पाहिलंत तर चौकोन तसाच आहे, एका केसानंही हललेला नाही.

पूर्वेच्या क्षितिजावर मृग डोकं काढतोय. त्यातला राजन्य, निळसर पांढरा. अंतर सुमारे 860 प्रकाशवर्षं; पाच-पन्नास वर्षांचा फरक त्यात धरावाच लागतो. नजर ठेवा. बारावं शतक. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता उतरणीला लागलीय आणि भिल्लम यादवानं देवगिरी अजून वसवलेली नाही. काही वर्षांतच मुकुंदराज ‘विवेकसिंधु’ लिहितील. शके 1110, म्हणजे 1188 हे त्याचं साल सांगितलं जातं आणि त्यांची समाधी अंबाजोगाईला दाखवतात. या मुलखात मराठी ग्रंथाला सुरुवात होत असताना राजन्यावरून सुटलेला प्रकाश आज तुमच्या माळवदावर उतरतोय. राजन्याचं एवढंच लक्षात ठेवा की तो निळसर आहे आणि म्हणून तरुण आहे. हे पुढं कामाला येईल.

आता चौकोनाच्या त्याच ईशान्य कोपऱ्यापासून थोडं पुढं, देवयानीत. डोळा अंधाराला सरावला असेल तर एक पुसट डाग दिसतो. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणाऱ्या गोष्टींत सगळ्यात लांबची हीच: देवयानी दीर्घिका, 25 लाख प्रकाशवर्षं. नजर ठेवलीत की माणूस गेला, भाषा गेली, शेत गेलं. आफ्रिकेत कुणीतरी दगडावर दगड आपटून धार काढायला शिकतोय, बस. मांजरेच्या गाळात हत्तींची आणि पाणघोड्यांची जी हाडं सापडली आहेत, ते प्राणीही अजून लाखो वर्षं पुढं आहेत. पाणघोडे, बीड-लातूरच्या मुलखात! टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल, पण हाडं खोटं बोलत नाहीत.

डोळ्याचं काम इथं संपलं. आता त्या रिकाम्या जागेवर नजर आणा.

काहीच दिसत नाही, तरी वर्षं सुटतात. लाख, कोटी, शंभर कोटी. पायाखालचा काळा दगड एका झटक्यात नाहीसा होतो. तो फक्त 6.6 कोटी वर्षांचा होता. त्याखालचा ग्रॅनाइटी पायाही वितळून जातो. सव्वातीनशे कोटी वर्षांपाशी तुम्ही थांबता आणि लक्षात येतं की उभं राहायला ती जागाच नाही. पृथ्वी आहे, पण हवेत प्राणवायू नाही, दिवस आजच्यापेक्षा आखूड आहे, चंद्र जवळ आणि म्हणून मोठा दिसतो, सूर्य जवळपास चौथाईनं मंद आहे. समुद्रात डोळ्याला न दिसणारे जीव आहेत, दुसरं कोणी नाही. नियम इथं मोडावा लागतो. गाव सोडून तुम्हाला दुसऱ्या टोकाला जावं लागेल, जिथून तो प्रकाश निघतोय तिथं.

या ठिकाणाला पत्ता आहे: एबेल 2631. जॉर्ज एबेल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं पालोमार वेधशाळेच्या फोटोकाचा डोळ्यांनी तपासून 1958 साली दीर्घिकासमूहांची यादी छापली. 2712 समूहांची. त्यातला हा 2631 वा. शेकडो दीर्घिका एकमेकींच्या ओढीनं एका जागी जमलेल्या, आणि त्यांच्या मधोमध एक लंबवर्तुळाकार दीर्घिका. सगळ्यात मोठी तीच.

तुम्ही तिच्या आत आहात. पहिल्यांदा खटकतं ते हे की आकाशगंगा कुठं दिसत नाही. आपल्याकडे तारे तबकडीत आहेत, म्हणून आतून बघणाऱ्याला त्यांचा पट्टा दिसतो. इथं तबकडी नाही. तारे गोलसर ढिगात सगळीकडे आहेत, केंद्राच्या दिशेला दाट आणि बाहेर विरळ होत जाणारे, पण कडा अशी कुठंच नाही. फाटे नाहीत, धुळीच्या काळ्या पट्ट्या नाहीत. आपल्या दीर्घिकेत बहुतेक तारे एकाच दिशेनं फेरा घालतात. इथं ज्याची त्याची कक्षा ज्याच्या त्याच्या कलानं. एक वरून खाली, दुसरा आडवा, तिसरा उलट. धडक मात्र होत नाही, कारण दोन ताऱ्यांमधली जागा अफाट आहे. एकूण तारे लाख कोटींच्या घरात. आपल्या सूर्याच्या दीर्घिकेत त्याच्या थोड्या हिश्शाएवढेच भरतील.

आता राजन्य आठवा. इथं तसा निळा तारा शोधा. सापडणार नाही. निळे तारे जड असतात, इंधन भसाभस जाळतात आणि काही कोटी वर्षांत संपतात. ते दिसायचे तर नवे जन्मावे लागतात, आणि नवे जन्मायला थंड वायू लागतो. इथं तो नाही. या दीर्घिकेतले बहुतेक तारे विश्व अगदी लहान असताना, घाईघाईनं, थोड्या काळात जन्मले. मग इतर दीर्घिका येऊन तिच्यात मिसळत गेल्या. मिसळताना त्यांचे फाटे मोडले, तबकड्या विस्कटल्या आणि शेवटी हा शांत गोळा उरला. उरलेत ते पिवळे, नारिंगी, तांबूस, सावकाश जळणारे म्हातारे तारे. कधीमधी एखादा श्वेतखुजा साथीदाराचा वायू ओढत मर्यादेबाहेर जातो आणि स्फोट पावतो. तेवढाच उजेड काही आठवडे. त्या मर्यादेला चंद्रशेखरांचं नाव आहे.

केजकडच्या माणसाला इथं एक ओळखीची गोष्ट आठवेल. टोळ्या गेल्यावर वस्तीवर कोण उरतं? म्हातारी माणसं. दारं बंद, ओट्यावर आजी, आणि हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीपाशी ठेवलेली शाळेतली पोरं. तुलना जुळते असं वाटतं, पण ती अर्धीच जुळते. कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाच्या तोंडावर ट्रॉल्या परत येतात. इथं कोणी बाहेर गेलेलं नाही आणि कोणी परत येणार नाही. जन्मच थांबलाय.

मग सगळा वायू गेला कुठं? गेला नाही. तो तुमच्या चहूबाजूंना आहे, फक्त इतका तापलेला की त्याचा तारा होऊ शकत नाही. समूहातल्या दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला आहे. समूहातल्या सगळ्या ताऱ्यांची गोळाबेरीज केली तरी वजनात हा वायू भारी. तो डोळ्याला दिसत नाही, क्ष-किरणांत चमकतो. आणि तारे अधिक वायू अशी बेरीज केली तरीही एवढ्या दीर्घिकांना एकत्र धरून ठेवण्याइतकं वजन भरत नाही. फ्रिट्झ झ्विकीनं 1933 सालीच दुसऱ्या एका समूहाचा असा हिशेब मांडून न दिसणाऱ्या द्रव्याची गोष्ट काढली होती. लोकांनी ती बरीच वर्षं मनावर घेतली नाही. झ्विकीचा स्वभाव तिखट होता, त्याचाही यात वाटा असावा, असं मला नेहमी वाटतं.

आता निघायला हवं. एखादा तांबूस तारा निवडा आणि त्याच्या पृष्ठभागावरून सुटणाऱ्या उजेडाबरोबर बाहेर पडा. हा उजेड पुरा नाही. ताऱ्याच्या बाहेरच्या थरातल्या कॅल्शियमनं त्यातला एक नेमका जांभळा रंग, 393 नॅनोमीटरचा, शोषून ठेवलाय. त्या जागी उजेडात काळी रेघ आहे. ती जपा. पुढची सगळी ओळख तिच्यावर आहे.

निघाला आहात तेव्हा तुमच्यात आणि आपल्या दीर्घिकेत सुमारे 290 कोटी प्रकाशवर्षांचं अंतर आहे. म्हणजे 290 कोटी वर्षांत पोचायला हवं. पण तुम्ही चालता तसा रस्ता लांबतो, कारण विश्व पसरतंय. म्हणून प्रवासाला सव्वातीनशे कोटी वर्षं लागतील, आणि तुम्ही पोचाल तोवर मागे राहिलेली ती दीर्घिका पावणेचारशे कोटी प्रकाशवर्षांवर गेलेली असेल. वर्तमानपत्रांत ‘400 कोटी प्रकाशवर्षं’ असा आकडा वाचलात तर तो या शेवटच्या आकड्याचं गोळाबेरीज रूप आहे. रस्ता ताणला जातो तसे तुम्हीही ताणले जाता. जांभळी रेघ निळ्याकडे सरकते, निळ्यातून हिरव्याकडे.

वाटेत जवळजवळ काही नाही. कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या पोकळ्या, एखादा दीर्घिकांचा धागा, पुन्हा पोकळी. त्यामुळे लक्ष पृथ्वीवर ठेवा.

प्रवासाची पासष्टेक कोटी वर्षं संपता संपता किल्लारीखालचा खडक तयार होतो. हे कळलं कसं, तर 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर तिथं खोल भोक पाडलं गेलं. 338 मीटर काळा दगड लागला, मग थोडा गाळ, आणि त्याखाली अडीचशे कोटींहून जास्त वर्षांचा जुना पाया. दगडाच्या वयाचे आकडे ऐकून आपण दबून जातो. या प्रकाशाच्या लेखी तो पाया वाटेत लागलेला एक थांबा आहे.

मग हवेत प्राणवायू साठू लागतो. मग फार मोठा काळ काहीच दिसण्यासारखं घडत नाही, तो सोडून द्या. प्रवासाचे शेवटचे 2 टक्के उरलेत तेव्हा पृथ्वी फाटते. भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला एकटा सरकत असताना भेगांतून लाव्हा बाहेर येतो, पसरतो, थिजतो, त्यावर पुन्हा पसरतो. थरावर थर. बालाघाटचे सपाट माथे, युसूफ वडगावच्या विहिरींत लागणारा कठीण पाषाण आणि त्याचीच झिजून झालेली कापसाची काळी माती, सगळ्याचं मूळ तेव्हाचं. विहीर खणताना पहारीला ठिणगी उडवणारा तो दगड बनत होता, तेव्हा तुमच्याबरोबरच्या प्रकाशानं 98 टक्के वाट तुडवलेली होती.

25 लाख वर्षं उरली असताना देवयानीचा तो पुसट उजेड निघतो आणि तुमच्या जोडीनं चालू लागतो. पुढचे थांबे तुम्ही पाहिलेच आहेत: राजन्य, मुकुंदराज, निजाम. आपल्या दीर्घिकेत तुम्ही दाट पट्ट्यातून शिरत नाही, तिच्या विरळ बाजूनं उतरता, म्हणून वाटेत धूळ कमी लागते. आकाशाचा हा भाग खगोलशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा तपासला त्यामागं हा स्वच्छपणाही आहे.

पोचताना उजेडाचे वाटे होतात. एक वाटा अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटच्या अडीच मीटरच्या आरशावर पडतो. तिथं स्लोन आकाश सर्वेक्षण चालतं. तेव्हा ॲल्युमिनियमच्या पत्र्याला दीर्घिकांच्या जागी भोकं पाडलेली असत. दिवसा माणसं बसून प्रत्येक भोकात हातानं काचेचा तंतू खोचत, रात्री तो पत्रा दुर्बिणीला लावत. एवढ्या नाजूक शास्त्राच्या मुळाशी हे असं भरतकामाच्या चिकाटीचं काम होतं. तंतूतून गेलेला उजेड रंगांत फुटतो आणि कॅल्शियमची ती रेघ सापडते. 393 ला असायला हवी होती, दिसते 502 नॅनोमीटरच्या आसपास. जांभळ्यात नव्हे, हिरव्यात. किती सरकली यावरून किती लांबची हे ठरतं.

अशा हजारो रेघांचे आकडे घेऊन पुण्यात काही माणसं बसली. आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे जॉयदीप बागची आणि प्रतीक दाभाडे, आयसर पुण्याचे शिशिर सांख्यायन, जमशेदपूरचे प्रकाश सरकार, केरळमधल्या तोडुपुळाच्या न्यूमन कॉलेजचे जो जेकब, आणि तेव्हाचे आयुकाचे संचालक सोमक रायचौधुरी. त्यांनी दीर्घिकांच्या जागा अंतरासकट मांडल्या तेव्हा एबेल 2631 एकटा नाही हे दिसलं. शेजारी आणखी एक जड समूह, भोवती आणखी, मिळून 43 समूहांची 60 कोटी प्रकाशवर्षं लांबीची भिंत. वजन सूर्याच्या दोनावर सोळा शून्यं इतक्या पट. जुलै 2017 मध्ये हा शोध जाहीर झाला आणि त्या महासमूहाला त्यांनी ‘सरस्वती’ नाव दिलं. तुम्ही ज्या दीर्घिकेतून निघालात ती या सरस्वतीच्या गाभ्यात आहे.

शोधाची खरी किंमत लांबीच्या आकड्यात नाही, तारखेत आहे. तुम्ही निघालात तेव्हा विश्वाचं वय सुमारे 1050 कोटी वर्षं होतं. तोवर विश्वाचं पसरणं पुन्हा वेग घेऊ लागलं होतं. कृष्ण ऊर्जा गोष्टी एकमेकींपासून लांब नेत होती. अशा वेळी इतकं द्रव्य एका जागी जमलेलं सापडणं ही दुर्मीळ गोष्ट, आणि विश्वाच्या घडणीचे आपले हिशेब तिच्यावर तपासून पाहता येतात. आणि हे हिशेब करणारं गाव केजपासून एसटीनं एका दिवसात गाठता येतं, हे मला त्यातल्या सगळ्या शून्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. आयुका 1988 मध्ये जयंत नारळीकरांनी उभी केली ती याचसाठी, की मोठी दुर्बीण दारात नसली तरी विद्यापीठांतल्या माणसाला विश्वावर काम करता यावं.

उजेडाचा दुसरा वाटा तुमच्या माळवदावर पडतो. ढोबळ हिशेब केला तर अंधाराला सरावलेल्या एका डोळ्याच्या बाहुलीत त्या एका दीर्घिकेचे मिनिटाला मोजके प्रकाशकण शिरतात. ते पुरत नाहीत. तेवढ्या तुटपुंज्या आवकीतून मेंदू चित्र बनवत नाही, म्हणून जागा रिकामी दिसते. सव्वातीनशे कोटी वर्षं चालून आलेला कण बाहुलीतून आत जातो आणि तुम्हाला कळतही नाही. ती दीर्घिका आज कशी आहे, हे तर इथल्या कोणालाच पाहता येणार नाही. तो प्रकाश अजून यायचाय, आणि विश्व असंच पसरत राहिलं तर त्याला पावणेचारशे कोटींहून पुष्कळ जास्त वर्षं लागतील.

तरी एक सोय आहे, आणि ती फुकट आहे. स्लोन सर्वेक्षणाचे सगळे फोटो आणि सगळे आकडे जगाला खुले आहेत. त्याला ना पास लागतो ना ओळख. लाईट आली, मोबाईलला रेंज मिळाली की त्यांच्या आकाशाच्या नकाशावर विषुवांश 354.41 आणि क्रांती 0.27 अंश एवढे दोन आकडे टाका. फिकट ठिपक्यांच्या गर्दीत मधोमध जो पसरट, पिवळट तांबूस डाग दिसेल, ती हीच दीर्घिका. घरात नववी-दहावीतलं पोरगं असेल तर आकडे त्यालाच टाकू द्या.